चंपाबाई आणि चाळिसावं मिनिट

मळवलीच्या चंपाबाई ओव्हाळला कोणी कामवाली म्हटलं तर ती रागावत नाही, फक्त दुरुस्त करते. "मी बंगले सांभाळते," म्हणते, आणि असं म्हणते की समोरच्यानं पुढचं वाक्य जपून बोलावं. खोटं काय आहे त्यात? स्टेशनापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जे बंगले पसरलेत त्यातल्या पाचांच्या किल्ल्या गेली बावीस वर्षं तिच्या कमरेला आहेत. मालक मुंबईत, नाहीतर पुण्यात. आपल्याच बंगल्याचा मीटर कुठल्या भिंतीला आहे हेही त्यांना धड सांगता येणार नाही. चंपाबाईला विचारा. कुठल्या टाकीचा व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की पाणी बंद होतं, कुठला गिझर हळू तापतो, कुठली खिडकी पावसाळ्यात फुगून बसते, सगळं तोंडपाठ. शाळा सातवीपर्यंत झालेली, पण घर कसं चालतं याची शिकवणी तिनं मालकांनाही द्यावी अशी बाई.

बिघाड शोधायची तिची एक ठरलेली रीत आहे. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. पाणी चढत नाही म्हटलं की इतर लोक काय करतात? फ्यूज बदलतात, वायर बदलतात, मोटारीला दोन दणके घालतात, आणि पाणी चढलं की खूश. कशानं चढलं ते देव जाणे, म्हणून महिन्याभरानं पुन्हा तोच तमाशा. चंपाबाई एक गोष्ट बदलते, पदर खोचून उभी राहते आणि बघते. नाही जमलं तर ती गोष्ट होती तशी परत लावते आणि मग दुसरीला हात घालते. लोणावळ्याहून येणारे इलेक्ट्रिशियन तिला बिचकून असतात. ते पिशवी उघडायच्या आत ही सांगते, "मोटार चांगली हाये, वायरिंग चांगली हाये. टाकीतला गोळा आडाकलाय. तेवढा बघा आन चहा घ्या."

दुसरी तिची ख्याती ओलीच्या बाबतीतली. इकडचा पावसाळा ज्यानं काढला नाही त्याला सांगून पटणार नाही. भिंतीला घाम सुटतो, मिठाचं पाणी होतं, चामड्याच्या चपलेवर हिरवं रान उगवतं. कपाट आठ दिवस बंद राहिलं की आतल्या कपड्यांवर पांढरी बुरशी धरलीच. त्यावर इकडे घरोघरी एकच उपाय: कपाटात साठ वॅटचा पिवळा बल्ब पेटता ठेवायचा. त्याच्या उबेनं कपाट कोरडं राहतं. यात चंपाबाईचा हात धरणारा अजून जन्माला यायचाय. तिच्या ताब्यातल्या बंगल्यांत मालकीणबाई दिवाळीला येतात, गाद्यांना नाक लावून बघतात आणि तोंड भरून कौतुक करतात. हल्ली दुकानात सगळे एलईडी मिळतात. त्यांना उजेड आहे, ऊब कुठली? म्हणून जुने बल्ब दिसतील तिथून गोळा करून तिनं ट्रंकभर साठवून ठेवलेत.

तिचं स्वतःचं घर बुद्धविहाराच्या मागे, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. नवरा निवृत्ती बंगल्यांवर माळीकाम करतो. माणूस कमी बोलतो, सुतारकामाची हौस दांडगी. मुलगी एकच, स्नेहल. बी.कॉम. झाली, विहाराच्या हॉलमध्ये भरणाऱ्या वर्गात टायपिंग शिकली, आणि इंग्रजी शिकली ती आईच्या मागं मागं बंगल्यात जाऊन, पाहुण्यांना गिझरचं बटण दाखवता दाखवता.

मागच्या वर्षी मे महिन्यात स्नेहलसाठी घरात कॉम्प्युटर आला. जुनाच होता, कुसगावच्या पप्पूच्या दुकानातून घेतलेला. निवृत्तीनं एका बंगल्यातून टाकून दिलेल्या कपाटाचं झकास टेबल केलं. वर स्क्रीन आणि कीबोर्ड, खाली दाराच्या कप्प्यात मशीनचा काळा डबा. दार लावलं की डबा दिसायचासुद्धा नाही. वस्तीतली माणसं मुद्दाम बघायला यायची आणि टेबलाचं कौतुक आधी करायची, कॉम्प्युटरचं मागाहून.

मे छान गेला. जून संपता संपता मशीन अडायला लागलं. बंद पडायचं नाही, जागच्या जागी थिजायचं. बाण हलेना, अक्षर उमटेना, कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा थांबलेलं. मग बटण दाबून धरायचं, बंद करायचं, पुन्हा लावायचं, की थोड्या वेळानं परत तेच. स्नेहलनं दोनदा ते पप्पूकडं नेलं. त्यानं साफ केलं, तपासलं, दिवसभर चालवून बघितलं आणि काही बिघाड नाही म्हणून परत दिलं. घरी आणलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

नेमक्या त्याच दिवसांत नोकरीची गोष्ट आली. पुण्यातली एक कंपनी हॉटेलांचं आणि बंगल्यांचं बुकिंग बघते. काम घरी बसून, फोनवर आणि कॉम्प्युटरवर. आता चंपाबाईला या नोकरीचं एवढं का, ते सांगायला हवं. एका मालकांनी मागं दोनदा विचारलं होतं, शनिवार-रविवारी स्नेहलला पाठव, पाहुण्यांना वाढायला माणूस लागतं. चंपाबाईनं दोन्ही वेळेला नाही म्हणून सांगितलं. कामाची लाज तिला नव्हती, कधीच नव्हती. पण निवृत्तीला ती म्हणाली होती, "बंगल्याची किल्ली द्यायचं काम मी केलं. बंगला कुनाला द्यायचा ते माजी पोरगी ठरवंल." हे तिच्या मनानं पक्कं धरलं होतं.

नोकरीआधी परीक्षा होती. रविवारी सकाळी दहा वाजता, दीड तास, घरच्याच मशीनवर, समोर कॅमेरा चालू. जागेवरून उठायचं नाही, आणि मशीन अडलं की परीक्षा संपली. स्नेहल बसली, भराभरा सोडवत गेली, आणि चाळिसाव्या मिनिटाला बाण थिजला. पोरगी स्क्रीनकडं बघत बसली, मग टेबलावर डोकं ठेवून रडली. चंपाबाईला तिचं ते रडणं अजून आठवतं. सोमवारी सकाळी स्नेहलनं कंपनीला फोन करून विनवलं. त्यांनी आणखी एकदा बसायला दिलं, पुढच्याच रविवारी. पण याच मशीनवर आणि याच घरातून, कारण उद्या कामही तिथूनच करायचंय. ही संधी दुसरी आणि शेवटची, असंही स्पष्ट सांगितलं.

चंपाबाईनं मशीन उचललं, रिक्षात घातलं आणि थेट कुसगाव गाठलं. पप्पूच्या दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर तिनं त्याची बिनपाण्यानं केली. "भंगार गळ्यात मारलंस आमच्या. पोरीची परीक्षा गेली तुज्यापाई. बाई माणूस हाये, हिला काय कळतंय, आसंच ना?" पप्पू चाळिशीचा, शांत गडी. त्यानं मशीन बाकावर ठेवलं आणि चालू केलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते एकदाही अडलं नाही. चंपाबाई समोर स्टुलावर ठाण मांडून बसली होती, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. "मावशी, मशीन ठणठणीत आहे," पप्पू म्हणाला. "तुमच्या घरात काय आहे ते बघा."

"माज्या घरात?" चंपाबाई म्हणाली, आणि तो शब्द परतीच्या वाटेभर तिला झोंबत राहिला.

घरी आल्यावर चहा पोटात गेला आणि डोकं थंड झालं. मग तिला वाटलं, पप्पू म्हणतो ते चूक कसं? आपणही मालकांना हेच सांगतो की. मिक्सर माझ्याकडं चालतो, तुमच्याकडं चालत नाही, म्हणजे मिक्सरला नावं ठेवू नका. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं सरलेल्या जूनचं पान टरकावलं, उलटं करून त्यावर दोन रकाने आखले. कधी लावलं, कधी थिजलं.

"आई, हा काही गिझर नाहीये," स्नेहल म्हणाली.

"न्हाई. पन करंट खातंय ना? मग झालं."

मंगळवारी सकाळी तिनं इंटरनेट काढायला लावलं, कारण सगळे म्हणत होते की नेटमधून व्हायरस येतो. स्नेहल टायपिंगचा सराव करत बसली. एक्केचाळीस मिनिटं, आणि थिजलं. नेट परत जोडलं. संध्याकाळी घरातला फ्रिज आणि पंखा बंद केला, भार कमी व्हावा म्हणून. एकोणचाळीस. बुधवारी शेजारच्या शकुबाईच्या घरातून लांब वायर ओढून तिच्या विजेवर मशीन चालवलं. चाळीस. तोवर अख्ख्या वस्तीला खबर लागली होती आणि जो तो वैद्य झाला होता. कोणी म्हणालं व्होल्टेज, कोणी म्हणालं जुनं ते जुनंच. शकुबाई वायर गुंडाळता गुंडाळता हळूच म्हणाली, पोरीवर कुणाची नजर तर नसेल? चंपाबाईनं तिच्याकडं बघितलं. "विहाराच्या माघं राहतो आपण शकुबाई, काय बोलताय," म्हणाली, आणि कागदावर चाळीसचा आकडा लिहिला. नजरेचा रकाना तिनं आखलेला नव्हता.

गुरुवारी तिनं अनघाताईंना फोन लावला. अनघाताई म्हणजे तिच्या पाच मालकांमधल्या सगळ्यात जुन्या, पुण्याला राहणाऱ्या. त्यांचा बंगला आठवड्याच्या मधल्या दिवसांत रिकामा असतो. तिथं कॉम्प्युटर चालवून बघू का, असं विचारलं. त्या हो म्हणाल्या. जेवणाच्या मोठ्या टेबलावर मशीन मांडलं, आणि ते तीन तास चाललं. स्नेहल कंटाळली, मशीन कंटाळलं नाही.

म्हणजे पप्पू खरा होता. दोष घरातच होता. आणि वीज शकुबाईची वापरली तरी थिजलं होतं, म्हणजे विजेतही नव्हता. मग घरात उरलं काय? चंपाबाई त्या दिवशी भाकऱ्या थापतानाही हाच विचार करत होती. एक भाकरी तिच्या हातून करपली, निवृत्तीनं ती मुकाट्यानं खाल्ली.

शुक्रवारी दुपारी स्नेहल कामशेतला गेली होती. चंपाबाईनं मशीन स्वतः लावलं. लावायला ती एव्हाना शिकली होती. चाळीस मिनिटांनी थिजलं. तिनं लगेच परत लावलं, तर बारा मिनिटांनी. पुन्हा लावलं, तर सातच. कागद घेऊन ती जमिनीवर बसली. मधे थांबून लावलं तर नेहमी चाळिसाच्या आसपास, पण लगोलग लावलं की झटक्यात थिजतंय.

"ह्ये दमतंय," ती निवृत्तीला म्हणाली. "इसावा मिळाला की ताजं. आपल्या बंगल्याची मोटार बी आसंच करती की वो. कवा करती?"

"तापली की," निवृत्ती म्हणाला.

तो एवढंच म्हणाला. चंपाबाई उठली, टेबलाच्या कप्प्याचं दार उघडलं आणि मोटार बघतात तसा उलटा हात आत घातला. डब्याचा पत्रा इतका तापला होता की हात टिकेना. आणि डब्याच्या शेजारी, तारेनं नीट बांधलेला, साठचा पिवळा बल्ब पेटत होता.

तो कोणी लावला होता? तिनंच. जूनमध्ये भिंतीला ओल फुटली त्याच दिवशी, पोरीच्या मशीनला बुरशी धरू नये म्हणून. ट्रंकेतला चांगला बघून काढला होता. रोज सकाळी कामाला निघताना दार घट्ट लागलंय ना आणि बल्ब चालू आहे ना, हे बघितल्याशिवाय तिचा पाय घराबाहेर पडत नव्हता. आणि इतक्या माणसांत कोणाच्याच ते लक्षात कसं आलं नाही, असं कोणी विचारेल. अहो, कपाटातला बल्ब इकडच्या माणसाला दिसतच नाही, इतका तो अंगवळणी पडलेला. शकुबाईच्या घरी आहे, सरपंचाच्या घरी आहे. पप्पू कधी घरी आलाच नव्हता, त्याच्यापुढं नुसता डबा जायचा. अनघाताईंच्या टेबलावर ना कप्पा होता ना बल्ब.

चंपाबाई तिथंच भुईवर बसली. तिला लोकांचा राग पुष्कळदा आला होता, पण स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. पोरीची परीक्षा आपण बुडवली, आपल्या हातानं, आणि वर शहाणपणा करून. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. निवृत्तीनं बल्ब बंद केला आणि म्हणाला, "काडून टाकू. पोरीला कशाला सांगायचं? मशीन सुदारलं म्हनून सांगू."

खरं सांगायचं तर तिच्याही मनात तेच आलं. क्षणभर नव्हे, चांगली दहा मिनिटं आलं. बल्ब ट्रंकेत गेला असता, मशीन चाललं असतं, आणि चंपाबाईची ओलीतली ख्याती जशीच्या तशी राहिली असती. स्नेहल आली तेव्हा ती पडवीत उभी होती. पोरीनं चपला काढायच्या आत तिनं सांगून टाकलं.

"तुजी परीक्षा मी घालवली. पप्पूनं न्हाई."

स्नेहलनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे मशीन चांगलं आहे?"

"लय चांगलं हाये."

"मग रडतेस कशाला?" स्नेहल म्हणाली आणि हसायलाच लागली. चंपाबाईला वाटलं होतं पोरगी बोलेल, भांडेल, निदान दोन दिवस अबोला तरी धरेल. त्याची तयारी होती तिची. हसण्याची नव्हती.

त्या संध्याकाळी डबा कप्प्यातच ठेवला, दार लावलं, नुसता बल्ब काढला. मशीन दोन तास दहा मिनिटं चाललं, आणि थांबलं तेही जेवणासाठी बंद केलं म्हणून. दुसरं कोणी असतं तर इथं थांबलं असतं. शनिवारी सकाळी उठून चंपाबाईनं कप्प्यात बल्ब परत लावला आणि दार बंद केलं.

"आई, अगं उद्या परीक्षा आहे. आता कशाला पुन्हा?"

"बल्ब काडला आन चाललं, ह्ये नशीब बी आसंल. बल्ब लावला की थिजाया पायजे. तवा खरं."

बेचाळिसाव्या मिनिटाला थिजलं. स्वतःविरुद्धचा पुरावा इतक्या समाधानानं गोळा करणारी बाई मावळात दुसरी दाखवा. तिनं तो आकडाही कागदावर लिहिला, कागदाची घडी घातली आणि पदराला गाठ मारून बांधली.

शनिवार म्हणजे पाहुण्यांचा दिवस, पाचही बंगले भरलेले. तरी ती दुपारी कुसगावला गेली. दुकानात गिऱ्हाइकं आहेत का ते तिनं बाहेरून बघितलं. असावीत अशीच तिची इच्छा होती, आणि होती. "पप्पूशेठ," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "सोमवारी मी तुमाला चार लोकांत बोलले. आज चार लोकांतच सांगते. मशीन चांगलं व्हतं. बिघाड माज्या बल्बाचा व्हता. माजं चुकलं." एक गिऱ्हाईक फिसकन हसलं. पप्पू हसला नाही. त्यानं हातातलं काम खाली ठेवलं.

"मावशी, शोधलंत कसं?"

तिनं पदराची गाठ सोडून कागद पुढं केला. पप्पूनं तो पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत वाचला, परत वर जाऊन वाचला. मग फोन उचलला. त्याच्याकडं या पावसात अशी आणखी दोन मशिनं येऊन गेली होती, दुकानात चालणारी आणि घरी थिजणारी. दोन्ही घरांना त्यानं तिथल्या तिथं फोन लावून विचारलं, मशीनपाशी कुठं बल्ब ठेवलाय का? एका घरातलं काही वेगळंच निघालं. दुसरीकडून उत्तर आलं, ठेवलाय ना, ओल लय हाये. पप्पूनं चंपाबाईकडं बघितलं आणि तिला स्टूल पुसून बसायला दिलं. रोज तासभर चालवत राहा, मशीन आपल्याच उबेनं कोरडं राहील, हेही त्यानं सांगितलं. आणि तो कागद मागून घेतला. इतका तपास त्यानं कोर्स केलेल्या माणसाकडूनही पाहिला नव्हता, असं तो म्हणाला. चंपाबाई घरी येईपर्यंत मनात तेच वाक्य घोळवत होती.

रविवारी सकाळी तिनं वंदना म्हटली, मालकांचे फोन निवृत्तीच्या हवाली केले आणि बंगल्यांचं काय ते तो बघेल असं सांगून स्वयंपाकघरात जाऊन बसली. बावीस वर्षांत पावसाळ्यातल्या रविवारी ती पहिल्यांदाच घरी होती. दहाला परीक्षा सुरू झाली. मधलं दार लोटलेलं. नुसता कीबोर्डचा आवाज यायचा, आणि तो थांबला की हिचा श्वास थांबायचा. पस्तीस मिनिटं झाली. अडतीस. चाळिसाव्या मिनिटाला आवाज खरंच थांबला. चंपाबाईनं ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली. स्नेहल बहुतेक एखादा प्रश्न वाचत असावी. आवाज पुन्हा सुरू झाला आणि चंपाबाईनं ओटा सोडला. साडेअकरापर्यंत तो चालू होता.

परीक्षेमागं लगेच दहा मिनिटं बोलणं होतं. स्क्रीनवर माधवी नावाच्या एक बाई आल्या. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर म्हणाल्या, मागच्या वेळी तुमचं मशीन अडलं होतं, त्याचं काय झालं?

"टेबलाच्या कप्प्यात गरमी कोंडत होती मॅडम. आता व्यवस्थित आहे," स्नेहल म्हणाली. बल्बाचं नाव तिनं घेतलं नाही. आईवर शब्द येऊ नये म्हणून घेतलं नाही, हे दाराआड उभ्या असलेल्या आईला बरोबर कळलं. आणि ते तिला सहन झालं नाही. ओले हात पदराला पुसत ती सरळ कॅमेऱ्यापुढं येऊन उभी राहिली.

"गरमी आपसूक न्हवती बाई. बल्ब मी लावलता," म्हणाली, आणि मग इंटरनेट, फ्रिज, शकुबाईची वायर, अनघाताईंचं टेबल, सगळं सगळं सांगितलं. शनिवारी परत बल्ब लावून बघितला तेही. स्नेहलनं मान खाली घातली. तिला वाटलं, झालं, हातची गेली. शेवटी माधवीबाईंनी विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

"बंगले सांभाळते," चंपाबाई म्हणाली.

"ही माझी आई," स्नेहल मान वर करून म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली.

मंगळवारी दुपारी चंपाबाई अनघाताईंच्या बंगल्यावर चादरी बदलत होती. पाहुणे आदल्या दिवशी गेले होते. स्नेहल घरापासून पळत आली, भिजलेली, हातात फोन. नोकरी मिळाली होती, एक तारखेपासून. पत्र इंग्रजीत होतं. स्नेहलनं ते मराठी करून वाचलं: नाव, पद, कामाच्या वेळा. खाली माधवीबाईंनी आपल्याकडून दोन ओळी घातल्या होत्या. पाहुण्यांचा रोज कुठून ना कुठून फोन येतो की पाणी नाही, दिवा नाही, आणि तेव्हा न घाबरता एकेक गोष्ट तपासणारं माणूस लागतं. ते तुम्ही घरातच शिकलेल्या आहात, म्हणून तुम्हाला घेतलं.

 हातातली चादर चंपाबाईनं घडी घालून ठेवली आणि ती बाहेर ओसरीवर आली. तिथं मालकांच्या वेताच्या दोन खुर्च्या आहेत. बावीस वर्षं ती त्या पुसत आली, उन्हात टाकत आली, पावसात आत घेत आली. बसली मात्र कधी नव्हती. कोणी नको म्हटलं नव्हतं, तरी नव्हती बसली. त्या दिवशी बसली. पाठ टेकवून, पाय सोडून, ऐसपैस बसली. शेजारची खुर्ची ओढून तिनं पोरीलाही बसवलं.

"ते खालचं वाच," म्हणाली. "घरात शिकल्या म्हंतात ना, ते."

स्नेहलनं वाचलं.

"आता सावकाश वाच."

स्नेहलनं पुन्हा वाचलं, सावकाश.